आठ तासांचा हिशेब : पोस्टरवरची तारीख, वारल्यांची वेठ आणि बोईसरची 'डबल'

दरवर्षी २७ नोव्हेंबर जवळ आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर फिरू लागते. निळ्या रंगावर कोटातले बाबासाहेब आणि खाली मजकूर : 'आजच्याच दिवशी, २७ नोव्हेंबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी कामाचे तास १२ वरून ८ केले.' काही पोस्टरवर १२ च्या जागी १४ असतात. आपण ते पुढे पाठवतो, खाली 'जय भीम' लिहितो आणि ड्युटीला जातो. बारा तासांच्या.

या पोस्टरवरची तारीख चुकीची आहे आणि आकडाही. असे बोलले की आपलीच माणसे चिडतात. 'तुम्ही एमए झालात म्हणून बाबासाहेबांचे श्रेय काढून घेता काय?' असे मला एका जयंतीच्या बैठकीत ऐकावे लागले आहे. पण श्रेय काढून घेण्याचा प्रश्नच नाही. खरा इतिहास या पोस्टरपेक्षा मोठा आहे. पोस्टर सांगते की एका महापुरुषाने एका दिवसात तास कमी केले. इतिहास सांगतो की ते साठ वर्षे ओढून आणावे लागले, आणि ते परत ओढून नेणारेही तेव्हापासून कामाला लागलेले आहेत. पोस्टर पाहून आपण निवांत होतो. इतिहास वाचून निवांत होता येत नाही.

म्हणून आधी हिशेब नीट मांडू.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून. १८८१ चा पहिला कारखाना कायदा फक्त मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या पोराकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची दया. मोठ्या माणसाच्या तासांना मर्यादाच नव्हती. गिरणी उजाडता सुरू होई आणि अंधार पडल्यावर थांबे. अशा वेळी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगाला दिले. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत मजुरी. आज बोईसरच्या एखाद्या ठेकेदाराच्या कामगाराला ही यादी वाचून दाखवा आणि विचारा, यातले तुला किती मिळते. मी विचारून पाहिले आहे.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आयटी कंपनीत बसणारा माणूस ज्याला 'वीकेंड' म्हणतो, त्याचा मराठी मुलखातला जन्मदाखला हा आहे, आणि त्यावर फुल्यांच्या अनुयायाचे नाव आहे.

सुटी मिळाली, पण दिवस लांबतच गेला. गिरण्यांत विजेचे दिवे आले तशी सूर्यास्ताची अटही गेली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या, आणि त्यावरून मुंबईत कामगार खवळले होते. मग चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. पोस्टरवरचे 'बारा तास' इथले आहेत, बाबासाहेब मजूरमंत्री होण्याच्या एकतीस वर्षे आधीचे.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद झाली. तिथे जगासाठी आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरला. त्याच करारात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र वेगळे कलम घातले गेले : इथे साठ तासांचा आठवडा चालेल. गोऱ्या कामगाराचे शरीर अठ्ठेचाळीस तासांत थकते आणि हिंदी कामगाराचे साठ तासांत, असा त्याचा सरळ अर्थ. १९२२ च्या कायद्याने ते साठ तास लागू झाले, दिवसाला जास्तीत जास्त अकरा. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे चोपन्न आणि दिवसाचे दहा तास झाले.

बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, तेव्हा कागदावरचा कायदा हा होता. सातवी भारतीय श्रम परिषद, जिचा उल्लेख पोस्टरवर असतो, ती २७ नोव्हेंबरलाच झाली, पण १९४५ च्या. दिवस बरोबर आणि वर्ष चुकलेले. कुणीतरी पहिल्यांदा चुकीचे टाइप केले आणि आपण सर्वांनी विश्वासाने पुढे ढकलले. त्या परिषदेत अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यावर चर्चा झाली. बाबासाहेबांचा तिथला युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंग्लंडला कामगार कायद्यांची नीट संहिता करायला शंभर वर्षे लागली, म्हणून हिंदुस्थाननेही शंभर वर्षे लावली पाहिजेत असे काही नाही, असा त्याचा रोख होता. पुढे एप्रिल १९४६ मध्ये कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात चालवले, आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस व दिवसाचे जास्तीत जास्त नऊ तास हा देशाचा कायदा झाला. सहा दिवसांत अठ्ठेचाळीस म्हणजे दिवसाला आठ. १९४८ च्या कारखाना कायद्याने हेच पुढे चालवले. त्याआधी, १९४५ च्या दुरुस्तीने, कामगाराला वर्षातून दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली होती.

म्हणजे जगाला १९१९ मध्ये मिळालेले अठ्ठेचाळीस तास हिंदी कामगाराला सत्तावीस वर्षे उशिरा मिळाले, आणि ते मिळवून देणाऱ्या खात्याच्या खुर्चीत एका महार सुभेदाराचा मुलगा बसलेला होता. हे पोस्टरवर लिहा ना! हे खरे आहे आणि जास्त झोंबणारे आहे.

आता प्रश्न असा की बाबासाहेबांना कामाचे तास एवढे महत्त्वाचे का वाटले. ते काही केवळ खात्याचे काम उरकत नव्हते.

आजकाल 'बर्नआउट' हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने तो चलनात आणला. मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची दशा त्याने पाहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद कामाच्या जागेतून उद्भवणारी स्थिती म्हणून केली : सततचा न आवरलेला ताण, त्यातून येणारा पूर्ण थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. हे लक्षण वाचताना मला १९३६ चे 'जातिभेद निर्मूलन' आठवते. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यातले विधान आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या पुढचा मुद्दा आपण क्वचितच बोलतो. ज्या कामात माणसाचे मन नाही, जे त्याने निवडलेले नाही, जे केल्यामुळे त्याला हीन लेखले जाते, त्या कामाबद्दल त्याच्या मनात तिटकारा आणि टाळण्याची इच्छा उत्पन्न होते, आणि अशा व्यवस्थेत कार्यक्षमता येणार कुठून, असा सवाल बाबासाहेब तिथे करतात. बर्नआउट हा शब्द त्यांनी शोधला असा दावा मी करत नाही. तसले पोस्टर कुणी बनवू नये. पण थकवा हा फक्त तासांचा नसतो, कामासोबत चिकटलेल्या अपमानाचाही असतो, हे त्यांनी नेमके पाहिले होते.

गिरणीत हे उघड दिसत होते. विणकाम खात्यात पगार चांगला, पण अस्पृश्यांना तिथे मज्जाव. कारण, धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण विणकराला 'विटाळलेला' धोटा नको होता. म्हणून अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या खात्यांत अडकलेला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावटावाल्यांना तो सुरुवातीला अडचणीचा वाटला. त्याच वर्षी मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, कामकरी बाईला बाळंतपणाच्या आगेमागे विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली.

आणि १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात त्यांनी फुरसतीवर जे लिहिले आहे ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवे. माणूस आणि पशू यांत फरक संस्कृतीचा. संस्कृतीला फुरसत लागते. आणि बहुसंख्यांना फुरसत यंत्रामुळेच मिळू शकते, असा तो युक्तिवाद आहे. म्हणून चरख्याच्या काळात मागे जायला त्यांचा विरोध होता. हजारो वर्षे या देशात फुरसत एका वर्णाच्या मालकीची होती आणि राबणे बाकीच्यांच्या वाट्याचे. वाचायला, लिहायला, सभेला जायला, पोराचा अभ्यास घ्यायला वेळ असणे हा जातीचा विशेषाधिकार होता. आठ तासांचा कायदा म्हणजे या फुरसतीचे फेरवाटप होते. मी तरी तो असाच वाचतो.

इथवरचा इतिहास मुंबई-दिल्लीचा. पण आमच्या पालघरचा स्वतःचाही एक आहे, आणि त्याबद्दल आपण आंबेडकरी मंडळी फार कमी बोलतो. तो आदिवासींचा आहे आणि लाल झेंड्याखालचा आहे, ही दोन्ही कारणे असावीत.

तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. डहाणू, उंबरगाव, पालघर या पट्ट्यातल्या वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या आणि वारली आपल्याच जमिनीवर कूळ म्हणून राबत होते. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९३८-३९ च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. जमीनदाराचे काम संपेपर्यंत, जितके दिवस लागतील तितके दिवस, कुळाने वेठ द्यायची. नाही म्हटले किंवा उशीर केला तर मारहाण. मोबदला दिवसाला फार तर एक आणा. बहुतेक वेळा तोही नाही, एका माणसाच्या एका जेवणाला जेमतेम पुरेल एवढा तांदूळ. इंग्रज अधिकाऱ्याने हे सरकारी अहवालात लिहून ठेवले आहे, कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणातले नाही.

याहून वाईट म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी तरुण वारली जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबायचे. कर्ज फिटत नसे. कागदावर अंगठा मात्र त्याचाच असे. हा अंगठा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शामराव परुळेकर हे नाव इथे येते. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात गेले. जानेवारी १९३८ मध्ये खोती नष्ट करा म्हणून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेण्यात ते होते. ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला, त्यातही ते होते. संप करणे हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे बाबासाहेब त्या विधेयकावर बोलले होते. पुढे शामराव कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांनी आणि गोदावरी परुळेकरांनी वारल्यांमध्ये काम सुरू केले. २३ मे १९४५ ला तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, खाजगी शेतावर मजुरीशिवाय जाणार नाही, असे ठरले. लग्नगडी सोडवले गेले. त्याच वर्षी गवतकापणीचा दर पाचशे पौंडांना अडीच रुपये मागून संप झाला. ११ ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच वारली मारले गेले.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. तलवाड्याच्या गोळीबारानंतर ४७ दिवसांनी दिल्लीत बाबासाहेब सातव्या श्रम परिषदेत उभे होते. एकीकडे कारखान्यातल्या कामगाराचे तास चोपन्नवरून अठ्ठेचाळीसवर आणण्याची चर्चा, आणि दुसरीकडे मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अशी माणसे, ज्यांच्या कामाला तास हे मापच नव्हते. कारखाना कायदा शेतात लागू नव्हता, जंगलात तर नव्हताच. वारल्याला घड्याळ बाबासाहेबांच्या कायद्याने मिळाले नाही. त्याने वेठ मोडली ती स्वतःच्या जिवावर. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी आणली, तेव्हा त्या एका ओळीत झरी आणि तलवाडाही आहेत असे मी मानतो.

मग कारखाने आमच्याकडे आले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली. बोईसरभोवती कोलवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ, सरावली या गावांच्या अंगणात रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. कायद्याचे घड्याळ अखेर वारल्याच्या दारात आले, असे म्हणता आले असते. पण ते आले ठेकेदाराच्या मनगटावर. वारली, काथोडी, महार-बौद्ध, चर्मकार, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले दलित-मागास मजूर अवधनगर, धोडीपूजा, खैरा फाटक अशा वस्त्यांतल्या खोल्यांत राहू लागले. एका खोलीत पाच-सहा जण, दोन पाळ्यांचे. दिवसपाळीवाला निघाला की रातपाळीवाला त्याच चटईवर आडवा होतो. चटईला मात्र सुटी नाही.

बोईसरमध्ये 'डबल मारली' असे म्हणतात. सलग दोन पाळ्या, सोळा तास. ज्या कारखान्यांत आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोनच चालतात, तिथे बारा तास ही साधी हजेरी. कायद्याने जादा कामाचा दर दुप्पट. हाती बहुतेकांना सिंगलच पडतो असे आमच्याकडे येणारे कामगार सांगतात. वर्षभर झाले की 'ब्रेक' देतात आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर चढवतात. खाडा झाला तर दोन दिवसांची हजेरी कापणारेही आहेत. डहाणू-विरार लोकल २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही नाचलो होतो. आता ती पहाटेची लोकल पाहा, बसलेला प्रत्येक माणूस झोपलेला असतो आणि उभे असलेल्यांतलेही काही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग सुरू केला. पहिला विषय 'जातिभेद निर्मूलन' हाच घेतला. चौथ्या रविवारी समोर नऊ पोरे होती आणि त्यांतली तीन झोपली होती. मी चिडलो. तरुणांना चळवळीशी देणेघेणे उरले नाही, रील बघायला वेळ आहे पण बाबासाहेब वाचायला नाही, असे नेहमीचे भाषण दिले. झोपलेल्यांतला एक उठून शांतपणे म्हणाला, "दादा, शनिवारची डबल करून सकाळी सुटलो. घरी गेलो असतो तर उठलोच नसतो, म्हणून दुपारपासून इथंच विहारात बसलोय." मला पुढे काही बोलता आले नाही. श्रमिकांची विभागणी, कामाचा तिटकारा, फुरसत आणि संस्कृती हे सगळे मी त्याला पुस्तकातून शिकवत होतो.

कार्यकर्ते मिळत नाहीत अशी ओरड आपण सगळेच करतो. त्याची कारणे पुढाऱ्यांची भांडणे, गटबाजी, मोबाइल यांत शोधतो. त्यातले थोडेफार खरेही आहे. पण आठवड्याला बहात्तर तास राबणाऱ्या माणसाला कार्यकर्ता होण्यासाठी उरतो किती वेळ, हा प्रश्न आपण विचारत नाही.   ज्या माणसाकडे रविवार नाही त्याच्याकडे संघटना असू शकत नाही, हे मालकाला आपल्यापेक्षा लवकर कळते.

आणि जिवाचा प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा लांब तासांमुळे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. हे सगळ्या धंद्यांचे मिळून आकडे आहेत. तारापूरला माणूस नुसता थकत नाही. तो रिअ‍ॅक्टर, वाफ आणि वायूशेजारी उभा राहून थकतो. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी इथे झालेल्या स्फोटात आठ जण गेले. २१ ऑगस्ट २०२५ ला एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगार गेले. या दुर्घटना थकव्यामुळेच झाल्या असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि तसे मी म्हणणार नाही. मी एवढेच विचारतो की चौकशीत व्हॉल्व्ह तपासतात, परवाना तपासतात; त्या पाळीतला माणूस कितव्या तासाला होता हे तपासतात का?

पुण्यातल्या एका बड्या कंपनीतली सव्वीस वर्षांची तरुणी २०२४ मध्ये गेली, तिच्या आईच्या पत्राने देश हळहळला. हळहळायलाच हवे होते. त्या निमित्ताने इंग्रजी वर्तमानपत्रांत बर्नआउटवर पानेच्या पाने आली. उपाय काय? ध्यान करा, योग करा, समुपदेशकाशी बोला, छंद जोपासा. मी स्वतः विपश्यना केलेली आहे, ध्यानाची टवाळी करणार नाही. पण ज्याला झोपायला पाच तास मिळतात त्याला ध्यानाचा सल्ला देणे म्हणजे भुकेल्याला उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. तथागतांनी भुकेल्या माणसाला आधी जेवू घालून मग धम्म सांगितला, ही कथा आपण पोरांना सांगतो.

आता कायद्याचे पाहू, कारण घड्याळ उलटे फिरते आहे ते इथे. करोनाकाळात, १७ एप्रिल २०२० ला, गुजरात सरकारने अधिसूचना काढून बारा तासांची पाळी आणली आणि जादा तासांना दुप्पट दर देण्याचेही काढून टाकले. आमच्या डहाणू-तलासरीची कितीतरी माणसे रोज उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात, त्यांना हे अंगावर कळले. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि जादा तासांचा मोबदला द्यायला लावला. मग ३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्याला मान्यता दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाना कायदा इतिहासजमा झाला. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याही बदलली : पूर्वी १० कामगार असले की कारखाना, आता २०. बोईसरच्या गल्ल्यांतले किती छोटे गाळे या एका आकड्याने कायद्याबाहेर जातील, ते तिथे फिरणाऱ्याला सांगायला नको.

१४४ तासांचे गणित करून पाहा. रोज बारा तास, आठवड्याला सहा दिवस म्हणजे बहात्तर. त्यातले चोवीस तास जादा. सहा आठवड्यांत १४४ संपतात. तेरा आठवड्यांचे तीन महिने धरले तर ३१२ होतात. म्हणजे नव्या सैल मर्यादेच्याही दुपटीहून जास्त काम आज चालले आहे. अशा ठिकाणी मर्यादा वाढवणे म्हणजे चोरीला पावती देणे.

सरकार सांगते, घाबरू नका, कामगाराची लेखी संमती लागेल. इथे मला लग्नगड्याचा अंगठा आठवतो. त्याचीही संमतीच होती. कागद होता, अंगठा होता, साक्षीदार होते. सही नाही केलीस तर उद्या गेटपास नाही, हे ज्याला माहीत आहे त्याच्या सहीला संमती म्हणायचे? संविधान सभेला देण्यासाठी १९४७ मध्ये तयार केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हेच मांडले होते : बेकाराला नोकरी आणि हक्क यांत निवड करायला लावली तर तो नोकरी निवडणार, आणि सरकारने अंग काढून घेतले की जे उरते ते मालकाची हुकूमशाही. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मानले की भूक आणि दारिद्र्याच्या जबरदस्तीने किमान वेतनाहून कमी मजुरीत केलेले काम हे कलम २३ मधले सक्तीचे श्रमच आहेत.

एक आक्षेप राहतो, आणि तो मालकाचा नाही, आपल्याच माणसांचा आहे. 'ओटी बंद केली तर खायचे काय?' बोईसरच्या नाक्यावर उभे राहून 'आठ तासच काम करा' असे भाषण केले तर कामगारच मला हाकलून देतील, आणि त्यांचे बरोबर असेल. आठ तासांच्या पगारात खोलीभाडे, गॅस, पोरांची फी आणि गावी पाठवायचे पैसे बसत नाहीत. बाबासाहेबांना हे दिसत होते. तासांचे विधेयक एप्रिल १९४६ चे, आणि त्याच महिन्यात, ११ एप्रिलला, त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. तास आणि पगार ही एकाच गाडीची दोन चाके होती. नंतर आपण पोस्टरवर एकच चाक छापले. आठ तासांच्या कामात घर चालेल एवढा पगार ही मागणी न करता नुसते आठ तास मागणे म्हणजे गरिबाला आणखी गरीब करणे आहे, आणि ओव्हरटाइम चालू द्या म्हणणे म्हणजे त्याला लवकर मारणे. दोन्ही एकत्रच मागावे लागेल. त्यासाठी निळ्या आणि लाल झेंड्यांना १९३८ ची ७ नोव्हेंबर आठवावी लागेल. आमच्या भागात किसान सभा आदिवासींमध्ये आहे, आम्ही बौद्ध वस्त्यांत आहोत, आणि कारखान्याच्या गेटवर दोन्हीकडची पोरे एकाच ठेकेदाराच्या रांगेत उभी असतात.

अभ्यासवर्ग आम्ही बंद केला नाही. पण पुस्तक बाजूला ठेवून एक दोनशे पानी वही आणली. येणाऱ्याने आधी त्यात आठवड्याचे तास लिहायचे : आत कधी गेलो, बाहेर कधी आलो, जादा तासाला दर काय मिळाला, पगारपत्रक मिळते का. पहिल्या दिवशी सहा जणांनी लिहिले. सर्वांत कमी तास ६६ होते. पगारपत्रक एकाकडेच होते. आता त्या वहीत तलासरीकडची दोन वारली पोरेही लिहितात. त्यांतल्या एकाला मी झरीबद्दल विचारले. त्याला माहीत होते. आजीच्या तोंडून ऐकले होते म्हणाला, आणि घड्याळ पाहून उठला. त्याची रातपाळी होती.